धावपट्टीच्या कडेची माणसे

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जरा वेळ थांबले, आणि हवा स्वच्छ असली, की दक्षिणेला मलंगगडाचा सुळका दिसतो. गाडी पकडणाऱ्यांना आणि गाडीतून उतरणाऱ्यांना तिकडे पाहायला फुरसत नसते. बँकेत होतो तोवर मलाही ती नव्हती. आता निवृत्तीनंतर भाजीची पिशवी हातात घेऊन मी त्या पुलावर मुद्दाम रेंगाळतो. मलंगगडाच्या अलीकडे, कल्याणहून गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नेवाळी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. बाकीच्यांना नेवाळी म्हणजे फक्त एक नाका.

आणि आम्ही राहतो ती जागा तरी कोणती? कल्याणच्या या बाजूला युद्धकाळात लष्कराची मोठी छावणी होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालेले आणि तिकडून परतलेले सैनिक इथल्या बराकींत मुक्काम करीत. युद्ध संपले, देशाची फाळणी झाली, आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर निर्वासित माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तरी जुनी माणसे अजून 'कॅम्प'च म्हणतात. कॅम्प एक, कॅम्प दोन असा पत्ता रोज सांगणाऱ्याला, हा कॅम्प कुणाचा होता, असा प्रश्न सहसा पडत नाही. मलाही पडला नसता. पण आमच्या चाळीत फिटरकाका राहत होते.

चाळीतले फिटरकाका

त्यांचे खरे नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. सारी चाळ त्यांना फिटरकाका म्हणे. मूळचे रत्नागिरीकडचे. परळच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करता करता १९४१ साली ते हवाई दलात भरती झाले, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा रेल्वेत येऊन कल्याणच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. चाळीतल्या कुणाचा स्टोव्ह भडकला, सायकलची चेन सुटली, शिलाई मशीन अडले, की पोरे त्यांच्या दारात. ते आधी यंत्राला कान लावीत. मग हात धुऊन, फडक्याला पुसून कामाला बसत. काम झाले, की खिशातली छोटी वही काढून त्यात तारीख, वस्तू आणि केलेली दुरुस्ती लिहून खाली सही करीत. फुकट केलेल्या स्टोव्हच्या दुरुस्तीला सही कशाला, म्हणून आम्ही हसायचो.

"काका, तुम्ही विमान चालवलंत का हो?" असे आम्ही लहानपणी विचारीत असू.

"नाही रे बाबा. मी विमान सोडायचो."

'सोडायचो' हा शब्द आम्हाला पतंगासारखा वाटे. त्याचा अर्थ कळायला मला बँकेत लागावे लागले.

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ चार वापिटी विमाने होती. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून आलेले मोजके हिंदी अधिकारी होते, आणि त्यांच्यासोबत होते 'हवाई सिपाही'. इंजिन खोलणारे, पंखांचे कापड ताणणारे, तोफा साफ करणारे हे लोक. सुब्रतो मुखर्जी त्या पहिल्या वैमानिकांतले; पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी हवाई दलप्रमुख झाले. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांत येते. पण त्याच आरंभीच्या काळात लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक विद्यार्थी अधिकारी होण्याची वाट न पाहता साधा हवाई सिपाही म्हणून दाखल झाला. त्याचे नाव हरजिंदरसिंग. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूरला हवाई दलाच्या देखभाल विभागाचे प्रमुख होते. हे नाव किती घरांत माहीत असेल?

बारा विमाने आणि एक युक्ती

मुंबईकरांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमाने समारंभपूर्वक भेट मिळाली, ती 'बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा'तून. मुंबई इलाख्यातून जमलेल्या पैशांची ती विमाने होती. तीच घेऊन स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांची तुकडी १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशात टाउंगूला गेली.

लायसँडर हे मुळात टेहळणीचे विमान. संथ आणि उंच पंखांचे. त्यातून २५० पौंडांचे बॉम्ब नेण्याची सोय हरजिंदरसिंग आणि त्यांच्या माणसांनी केली. तुकडी पोहोचली त्याच रात्री जपान्यांनी टाउंगूच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी मजुमदारांनी सयामच्या हद्दीतल्या, ज्या तळावरून ती विमाने आली होती त्या तळावर, स्वतः एकट्याने लायसँडर नेऊन बॉम्ब टाकले. पाठोपाठ साऱ्या तुकडीने तेच केले. या हल्ल्याची गोष्ट हवाई दलात आजही सांगितली जाते, आणि सांगितली जावी अशीच ती आहे. पण बॉम्ब टाकायला आधी बॉम्ब अडकवायची जागा लागते. ती कुणीतरी कानशीने घासून, रिव्हेट ठोकून, घाम गाळून तयार केलेली असते.

युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी हवाई दलात १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही होते. युद्ध संपताना ही संख्या सुमारे २८,५०० झाली, आणि त्यात अधिकारी होते सुमारे १,६००. सगळे अधिकारी वैमानिक नसतात. म्हणजे आकाशात उडणारा एक, तर त्याच्यासाठी जमिनीवर राबणारे किती, हा हिशेब कुणालाही मांडता येईल. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशच्या युद्धात वैमानिक होते. १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख झाले. आपल्या माणसाचा अभिमान वाटतोच. पण अशा प्रत्येक नावामागे ज्या दहा-बारा माणसांनी विमान सोडले, त्यांची नावे आपण कधी विचारली नाहीत.

चोवीस प्लग

१९८४ सालची गोष्ट. मी बँकेत कारकून होतो. तेव्हा संगणक नव्हते. खतावणीत नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने ती ताडून शेजारी आद्याक्षरे करायची, अशी रीत होती. महिनाअखेरची गर्दी होती. मी ताडून न पाहताच एका पानावर ओळीने आद्याक्षरे करून टाकली. त्यात एक नोंद भलत्याच खात्यावर गेली होती, आणि त्या खातेदाराने अठराशे रुपये काढूनही नेले. चूक उघडकीस आली तेव्हा नोंद करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला जाब विचारला गेला. पैसे त्याच्या पगारातून कापायचे ठरू लागले. ताडणाऱ्याची आद्याक्षरे मात्र कुणाला लागेनात. साहेबांनी विचारले, "ही कुणाची?" मी मान खाली घालून बसलो. त्या माणसाला दोन लहान मुली होत्या.

तीन दिवस जेवण गोड लागले नाही. चौथ्या रात्री गॅलरीत बसलेल्या फिटरकाकांना मी सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फॉर्म सेव्हन हंड्रेड म्हणजे काय, तुला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. त्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिचे हे नाव. इंजिन तपासणारा फिटर, सांगाडा आणि पंख तपासणारा रिगर, तोफा भरणारा आर्मरर, बिनतारी यंत्रवाला असे सगळे आपापल्या रकान्यात सही करतात. शेवटी वैमानिक सही करतो, म्हणजे 'विमान मी ताब्यात घेतले'. त्याला सगळे तपासत बसायला वेळ नसतो. तो फक्त सह्या पाहतो आणि पायऱ्या चढतो.

"तो इंजिन बघत नाही," काका म्हणाले. "तो आमची सही बघतो."

१९४४ च्या वसंतात ते इंफाळला होते. मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला. २२ जूनला तो मोकळा होईपर्यंत इंफाळला दाणागोटा, दारूगोळा, पेट्रोल, सगळे विमानाने आले. शिधा कमी झालेला. तिथे अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने उडवीत होती. हरिकेनचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरांचे, प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे चोवीस प्लग. ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. उडण्यापूर्वी इंजिन गरम करून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात, आणि फेरे किती उतरतात ते मोजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उतरले, तर विमान सोडायचे नाही. पेट्रोल शॅमीच्या कातड्यातून गाळून भरायचे. त्यात पाण्याचा थेंब राहिला तर इंजिन हवेत गचके खाते. दिवसा विमाने उडत, म्हणून पुष्कळसे काम रात्री, झाकलेल्या बत्तीच्या उजेडात. पावसाळा लागला की पावसात. दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावला तर कातडी निघे, असे काका सांगत. त्यांच्या उजव्या मनगटावर तसा एक डाग होता.

"एका सकाळी फेरे जरा जास्त उतरत होते," ते म्हणाले. "मर्यादेच्या आतच होते, पण मर्यादेला टेकलेले. प्लग बदलावे असं वाटलं. नवे प्लग थोडेच होते, आणि साहेब येऊन उभे होते. साहेब माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असतील. म्हणाले, 'ठीक आहे ना?' मी म्हटलं, 'ठीक आहे, साहेब.' आणि सही केली."

विमाने जोडीने जात. त्या दिवशी एकच परत आले. दुसरे डोंगरांमधल्या ढगात शिरताना दिसले, एवढेच परतलेल्या वैमानिकाने सांगितले. विमान आले नाही, की त्याची वही लगेच ताब्यात घेतात. अधिकाऱ्यांनी ती चाळली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, की सगळे नियमाप्रमाणे आहे.

"कागद बरोबर होते रे," काका म्हणाले. "ढगात डोंगर लागला असेल. जपान्यांची गोळी लागली असेल. नव्वद टक्के तसंच असेल. पण मला कोण सांगणार? चाळीस वर्षं झाली. अजून कधी पहाटे जाग येते आणि मी ते प्लग मोजत बसतो. एक ते चोवीस."

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "तुझ्या त्या दोस्ताला दोन मुली आहेत म्हणालास ना?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि ती आद्याक्षरे माझी असल्याचे लिहून दिले. अठराशे रुपये मी हप्त्याहप्त्याने भरले. एक वेतनवाढ रोखली गेली. पुढे अधिकारी झालो, हजारो कागदांवर सह्या केल्या. प्रत्येक वेळी ताडून पाहिले असे म्हणणार नाही, पण पेन उचलताना 'चोवीस' हा आकडा डोक्यात यायचा, एवढे खरे.

विसरण्याची कारणे

आपण या माणसांना का विसरलो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण उघड आहे. ही नोकरी इंग्रज सरकारची होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'ची हाक दिली गेली, तेव्हा काका खाकी कपड्यांत होते. गावात त्यांचे थोरले बंधू भूमिगतांना भाकरी पोहोचवीत होते. दोघा भावांत त्यानंतर काही वर्षे बोलणे नव्हते. स्वातंत्र्यानंतर अशा घरांत या नोकरीविषयी गप्प राहणेच सोयीचे वाटले.

पण तीच माणसे अगदी आज्ञाधारक होती असेही नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी नौदलाचा उठाव केला, तेव्हा मरिन ड्राइव्ह आणि अंधेरीच्या छावण्यांतल्या हवाई दलाच्या हिंदी शिपायांनीही सहानुभूतीने काम थांबवले. नौदलाचा उठाव आपल्या आठवणीत आहे; या हवाई शिपायांचा संप फारसा नाही. काकांना मी विचारले होते, "तुम्ही होता का त्यात?" ते हसले आणि म्हणाले, "त्या दिवसांत मी कशावरही सही केली नाही."

दुसरे कारण आपल्या स्वभावात आहे. पराक्रम आपल्याला दिसावा लागतो. उडताना दिसतो तो शूर. पहाटे तीन वाजता पाना घेऊन इंजिनात मान घातलेला माणूस शूर दिसत नाही. वैमानिकाचे श्रेय यात कमी करायचे नाही. मजुमदार युद्धातून वाचले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लाहोरला विमानाच्या कसरती दाखवताना गेले. मृत्यू त्यांच्या शेजारीच बसलेला असे. मात्र त्यांची नावे सांगताना श्वास जरा लांबवला, तर आणखी काही नावे त्यात मावतील.

आणि धावपट्टी? ती ज्या जमिनीवर होती, ती कुणाची होती? नेवाळीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांची जमीन १९४२ च्या सुमारास सरकारने युद्धासाठी घेतली. युद्ध संपल्यावर धावपट्टी ओस पडली आणि शेतकरी तिथे पुन्हा भात लावू लागले. पण कागदावर जमीन सरकारकडेच राहिली. २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपणाची भिंत बांधायला घेतली, तेव्हा २२ जूनला नेवाळीत आंदोलन भडकले. गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस आणि शेतकरी दोन्हीकडचे लोक जखमी झाले. जाळपोळीचे समर्थन कुणी करू नये. पण युद्धासाठी घेतलेल्या जमिनीचा हिशेब पंचाहत्तर वर्षांनीही मिटला नव्हता, हेही खातेवहीत लिहिले पाहिजे. विमान सोडणाऱ्यांत ही माणसेही धरायला हवीत. त्यांना कुणी सहीसुद्धा विचारली नव्हती, निदान मनापासूनची.

क्रांजीचे खांब

काही वर्षांपूर्वी मुलीकडे सिंगापूरला गेलो होतो. तिथे क्रांजीला युद्धस्मारक आहे. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि वर टेकाडावर विमानाच्या पंखासारखे छप्पर. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, अशा चोवीस हजारांहून अधिक माणसांची नावे तिथे भिंतींसारख्या खांबांवर कोरली आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात नाहीसे झालेले हवाई दलाचे लोकही त्यांत आहेत.

मुलगी म्हणाली, "बाबा, कोणतं नाव शोधायचं?"

मला सांगता येईना. काकांनी त्या रात्री एकदाही वैमानिकाचे नाव घेतले नव्हते. फक्त 'साहेब' म्हणाले होते. मी विचारलेही नाही. आणि १९९१ साली काका गेले. आम्ही हवाई दलाच्या खांबांशी जाऊन हिंदी नावे वाचत राहिलो. त्यातलेच एखादे ते असेल. तेवढ्यात मनात आले, की साहेबांचे नाव निदान दगडावर आहे. ज्याने त्या पहाटे वहीत सही केली, त्याचे नाव त्या वहीतच होते, आणि ती वही केव्हाच रद्दीत गेली असेल.

काकांच्या मुलाने घर विकताना एक पत्र्याची ट्रंक मला दाखवली होती. त्यात स्टोव्ह आणि सायकलींच्या दुरुस्तीची ती छोटी वही होती, एक शॅमीचा तुकडा होता, आणि एका विमानासमोर उभ्या असलेल्या सहा जणांचा फोटो. मागे काही लिहिलेले नव्हते. काका ओळखू आले. बाकीचे पाच जण कोण, हे सांगणारे आता कुणी उरले नव्हते.

रविवारी दुपारी थोडा वेळ असेल, तर घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा. युद्धात, रेल्वेत, गोदीत राबलेल्या एखाद्या आजोबांचा असा फोटो बहुतेक घरांत असतो. घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांच्यापाशी बसून फोटोतली नावे विचारा, आणि पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. जमल्यास तारीखही घाला. आणि खाली, लिहिणाऱ्याने आपली सही करावी. वाचता येईल अशी.